पाणजाईचं इरलं

शेलखांड, ता. कर्जत
२ फेब्रुवारी

ताई,

आधी माझा नमस्कार घे, मग रागावत बस. भावोजींनाही सांग, आणि सुप्रियाच्या डोक्यावरून माझ्यातर्फे हात फिरव.

फोन करून पाहिला. पहिल्यांदा तू स्वयंपाकात होतीस, मग भावोजी म्हणाले झोपली आहे, आणि परवा तू फोन उचललास पण बोलली नाहीस. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, तेवढ्यावरून कळलं की घरात सगळं ठीक आहे. तेव्हा ठरवलं, पत्रच लिहावं. फोनवर आपण दोघं एकमेकांना बोलू देत नाही. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही.

तुझ्या ओटीचं ताट अजून देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. छाया रोज त्यावरचा रुमाल झटकते आणि पुन्हा झाकते. नारळाला कोंब आला तर काय करायचं, असं काल विचारत होती. मी म्हटलं, लाव परसात. तर म्हणाली, "नणंदेच्या ओटीचा नारळ परसात लावत्यात व्हय? डोकं जाग्यावर हाय ना तुमचं?" जत्रेच्या दिवशी लेक माहेराहून रिकाम्या ओटीने गेली, हे तिला फार लागलं आहे. मला किती लागलं ते लिहीत नाही.

जत्रेच्या दिवशी सभेत मी उठलो तो तुला खाली पाहायला लावायला नव्हे. तू पाणजाईच्या नव्या मंदिराचं चित्र दाखवलंस. पक्का स्लॅब, आत टाइल्स, वर कळस. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? पण मग कंत्राटदार म्हणाला, गाडी वर न्यायला देवीच्या राईतून वाट काढावी लागेल आणि पायासाठी तिच्या पाठची बेहड्याची दोन्ही झाडं पाडावी लागतील. मी एवढंच म्हणालो की बेहडे पाडायचे नाहीत. त्यावर धाकलूदादा कमिटीच्या खुर्चीवरून ओरडले, "पाणजाय तुज्या बापाची हाय का रं हऱ्या?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बापाची नाय, आईची हाय." लोक हसले. तुला वाटलं, मी तुझ्या नवसावर लोकांना हसवलं. तू उठून गेलीस.

ताई, सुप्रिया काचेच्या पलीकडे नळ्या लावून पडली होती आणि तू दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून देवीला पक्कं मंदिर बोललीस, तेव्हा मीही इथे तिच्यापुढेच बसलो होतो. पोरगी उठली. ते देवीचं देणं आहे, आणि ते फेडलं पाहिजे, यात माझं दुसरं मत नाही. त्यासाठी तू आईच्या पाटल्या मोडायला निघालीस, हे मला सभेतच कळलं.

पण झरा त्या बेहड्यांच्या मुळातून निघतो, हे तुला मी सांगायला नको. वरच्या वाडीच्या बायका मे महिन्यात तिथेच हंडे लावतात. आपल्या गावाची विहीरही उन्हाळ्यात त्याच ओलीवर जगते. मी कामाला जातो त्या फार्महाऊसच्या लॉनला रोज टँकरचं पाणी मारतो, त्यामुळे टँकरवर जगणं म्हणजे काय ते मला जवळून ठाऊक आहे.

कमिटी तुझ्या शब्दासाठी थांबली आहे. तू हो म्हणालीस की कंत्राटदार येईल. मी पुन्हा सभेत आडवा येणार नाही. फक्त पावसाळ्यापर्यंत थांब, एवढंच मागणं आहे.

तुझा
हरेश


२३ फेब्रुवारी

ताई,

उत्तराची वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पोस्टमन हल्ली मोटारसायकल बंद न करताच पुढे जातो. "नाय रं हरेश, आज पण नाय!" असं लांबूनच ओरडतो. त्यामुळे ताईचं पत्र आलेलं नाही हे आता अख्ख्या गावाला माहीत आहे.

इकडे आमचं रविवारचं श्रमदान जोरात आहे. डोंगराला जाळरेषा काढतो आहोत. तू इथे होतीस तेव्हा हे नव्हतं. वाळलेल्या गवताचा एक रुंद पट्टा कापायचा, कापलेलं तिथल्या तिथे हळूहळू जाळायचं, आणि हातात ओल्या फांद्या घेऊन दोन्ही अंगांना उभं राहायचं. मग मोठा वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन त्याला खायला काही मिळत नाही. गावातले आम्ही काही जण, वरच्या वाडीतला गोमा, त्याची बायको आवडी, आणि नेरळच्या नव्या बिल्डिंगांमधली चारदोन माणसं. त्यातल्या एक बाई हातमोजे घालून गवत कापत होत्या. आवडी त्यांना म्हणाली, "मोजं घालून गवत कापता, मंग भाकर चमच्यानं खाता का वो?" बाई इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि जाताना मोजे आवडीलाच देऊन गेल्या. पुढच्या रविवारी आवडी मोजे घालून हजर. गोमा मला हळूच म्हणाला, "आता हिला भाकर थापाया सांगायची सोय नाय ऱ्हायली."

धाकलूदादाही येतात. काम करत नाहीत, सावलीत उभे राहून कुठे वाकडं कापलं ते सांगतात. माझ्याशी बोलणं बंद आहे. पण परवा जेवायला बसलो तेव्हा सुकटीच्या चटणीचा डबा न बोलता माझ्या पुढ्यात सरकवला.

राईच्या कडेला आलो तेव्हा जरा अडलं. आत पाला गुडघाभर साचला आहे. नेरळची मंडळी म्हणाली, राईच्या आतून थोडा ओढून घेऊ, म्हणजे पट्टा रुंद होईल. गोमाने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं. देवीच्या राईतली काडी उचलायची नाही, हे आपण दूध पीत होतो तेव्हापासूनचं. तुला आठवतं, तू परकराच्या ओच्यात बेहड्याच्या बिया भरून घरी आणल्या होत्यास? आईने दारातूनच परत पाठवलं, आणि एकटी घाबरशील म्हणून मला सोबत दिलं. मी गारंबीच्या वेलीवर झोके घेत बसलो आणि तू रडत रडत एकेक बी जागच्या जागी ठेवलीस. कुठली बी कुठली, तुलाच ठाऊक. त्या वेलीवर आता कुणी बसत नाही, पण ती आहे.

तेवढ्या भागात पट्टा बाहेरूनच, थोडा अरुंद गेला. आपली राई देवी राखेल.

तुझा
हरेश


१९ मार्च

ताई,

अक्षर छायाचं आहे. मला कामाची गडबड आहे, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते.

(वन्सं, गडबड वगैरे काही नाही. पुढे लिहिते. – छाया)

परवा दुपारी खालच्या अंगाला कुणीतरी भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजत होतं. वारा फिरला आणि ठिणगी गवतात गेली. कोण ते विचारू नकोस, सगळ्यांचेच राब भाजायचे दिवस आहेत. आग डोंगराला लागली ती सरळ वर. पण जाळरेषेपाशी आली आणि थांबली. आमचे रविवार फुकट गेले नाहीत. वाडीच्या घरांपर्यंत काही पोचलं नाही.

फक्त राईच्या कडेला, पट्टा अरुंद होता तिथे, पाल्यावरून आग आत गेली. ती आम्ही विझवली. मोठ्या बेहड्याचं बूड एका अंगाने काळं झालं आहे. गारंबी वाचली. देवीला धक्का नाही. सगळे ठीक आहेत.

(सगळे ठीक नाहीत. ह्यांचे दोन्ही तळहात भाजले आहेत, उजवा जास्त. ओलं गोणपाट घेऊन आग मारत होते. ते सुकलं, पेटलं, तरी सोडीनात. मग नुसत्या हातांनी पाला ओढायला लागले. "मीच नको म्हटलं, मीच नको म्हटलं" असं एकच बोलत होते. आवडीने मागून कमरेला धरून ओढून काढलं. नेरळच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. जेवण मी भरवते. आता विचारतात, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, भावोजींना नमस्कार लिहिते.)

धाकलूदादांचं तुला सांगायलाच हवं. सावलीत उभा राहणारा माणूस त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता. हाताला काही मिळेना म्हणून कमरेची लुंगी सोडली, झऱ्यात बुडवली, आणि चड्डीवर उभे राहून बेहड्याच्या बुडाशी झोडपत राहिले. आवडी ओरडली, "धाकलूशेट, देवीसमोर जरा लाजा!" ते म्हणाले, "देवीनं मला नागडा पाह्यलाय, तू तोंड फिरव!" आग विझल्यावर त्याच बेहड्याला टेकून बसले. तोंड काळं, मिशी करपलेली. बराच वेळ धापा टाकून मग माझ्याशी बोलले. जत्रेनंतर पहिल्यांदाच. "ज्याला पाडाया निघालो, त्याच्यापायी माजी लुंगी गेली रं."

 

(एवढं झाल्यावर गप्प बसले आहेत, म्हणून मीच संपवते. वन्सं, ताटातला नारळ बदलला आहे. खण तोच आहे, तुम्हाला आवडला होता तो जांभळा. तुम्ही दोघं भावंडं भांडा, मिटवा, काय ते करा. पण माझ्या घरातून सवाष्ण रिकाम्या ओटीने गेली हे मला झोपू देत नाही. सुप्रियाला मामीचा आशीर्वाद.)

हरेश
(आणि छाया)


१३ एप्रिल

ताई,

आता मी स्वतः लिहितो आहे. अक्षर बालवाडीतलं दिसेल, पण माझंच आहे.

खोका मिळाला. मलम, मऊ सुती कापड, हळदीची पूड आणि खाली दडवलेले बेसनाचे लाडू. चिठ्ठी शोधली. कापड झटकून बघितलं, लाडवांखालचा कागद उलटा करून बघितला. नव्हती. खोक्यावर पत्त्यात मात्र हरेशच्या जागी "हऱ्या" लिहिलं होतंस. कुरिअरवाला गावात विचारत फिरला, "हऱ्या कोण हाय?" आणि सगळ्यांनी त्याला थेट आपल्या दारात आणून सोडला. मलम चांगलं आहे. हात आता दुमडतो. विळा धरवत नाही, पण माळ ओढता येते, संध्याकाळचं नामस्मरण चुकत नाही.

त्या आगीनंतर मी आठ-पंधरा दिवस राईत गेलो नाही. मन धजत नव्हतं. देवीच्या नावाने हट्ट मी केला आणि भाजलं तिचं झाड. शेवटी गोमाच घरी आला. म्हणाला, "तू आईला इचारल्याबिगर तिच्या वतीनं बोललास. आता इचारू चल." पाडव्याच्या सकाळी आम्ही कौल लावला. गोमाने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या, देवीच्या शेंदरावर एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवली आणि मोठ्याने विचारलं, "आई, वणव्याच्या दिसांत तुज्या कडंचा पाला आमी वढून घेऊ का? हो असंल तर उजवी दे, नाय असंल तर डावी." आम्ही बसायच्या आतच उजवी कळी टपकन पडली. गोमा माझ्याकडे बघून हसला. "बघ, वाटच बघत व्हती बिचारी."

इतकी वर्षं मी तिची पूजा करतो आणि तिच्या मनातलं मला ठाऊक आहे असं धरून चालतो. साधं विचारायचं सुचलं नाही.

त्या दिवशी आणखी एक झालं. देवीवर पावसासाठी आपण जी निळी ताडपत्री बांधतो, ती वर्षभर तशीच असते. गोमाने ती बाजूला केली तर आतून कोंदट वास आला. शेंदराला बुरशी धरली होती. गोमा म्हणाला, "हिच्याखाली आईला घाम येतो. बाबा व्हता तवर इरलं व्हतं." आणि मला एकदम सगळं आठवलं. गोमाचा बाप मिरगाच्या आदल्या दिवशी देवीचं मोठं इरलं विणायचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं. लावणीला वाकताना बाया पाठीवर घ्यायच्या तसंच, पण देवीला पुरेल एवढं बसकं. पानं आणायचं काम गावच्या मुलींचं. तू सगळ्यांत पुढे असायचीस. देवीला इरलं चढल्याशिवाय आई स्वतःचं इरलं खुंटीवरून काढायची नाही, मग पाऊस कितीही येवो. गोमाचा बाप गेला, आणि ताडपत्री स्वस्त पडली. एवढ्यावरच ते बंद झालं.

ताई, मी तुला नवस मोडायला सांगत नाही. देवीशी बोललेला शब्द खाली पडू देऊ नये, हे आईने दोघांनाही एकाच मांडीवर शिकवलं. पण हात भाजल्यावर बसून बसून विचार आला तो लिहितो, रागावू नकोस. पक्कं मंदिर एकदा उभं राहिलं की नवस फिटला. तू मोकळी. मग तू इथे कशाला येशील? आई-बाबा नाहीत. भाऊ तर सभेत तुझ्याविरुद्ध उठणारा. इरल्याचं तसं नाही. ते एका पावसात कुजतं. दर साली नवं करावं लागतं, आणि त्यासाठी कुणाला तरी दर साली यावं लागतं.

तू अशी मोकळी झालेली मला नको आहेस.

झरा अजून वाहतो आहे. बोटाएवढी धार आहे, पण वाहतो आहे. बेहड्याला काळ्या अंगाच्या वरून कोवळी पालवी फुटली आहे.

तुझा
हरेश


२० मे

ताई,

पत्र तू छायाच्या नावाने पाठवलंस, तेव्हा मी ते वाचलेलं नाही. छायाने ते मोठ्याने वाचलं आणि मी अंगणात दोरी वळत बसलो होतो, एवढंच. मग ती दोरी मी परत सोडून परत वळली, कारण पत्र तिने पुन्हा वाचलं.

"मंदिराचं मी काही ठरवलेलं नाही, हे त्याला सांग. मिरगाच्या आदल्या दिवशी पोचते. सुप्रियाही येते म्हणते. हात डॉक्टरला दाखवतो का ते कळव."

दाखवतो. छाया उभी राहून दाखवायला लावते.

आवडीला विचारलं, इरलं येईल का? ती म्हणाली, "सासरा करायचा तवा समोर बसून बघितलंय. डोळ्यांना येतंय. हातांना येतंय का ते तुमची ताय आल्यावर बघू." गोमाने बांबू तोडून कामट्या पाण्यात भिजत टाकल्या आहेत. पळस राईच्या बाहेरचा, माळावरचा. धाकलूदादांना मी घरी जाऊन सांगितलं की तू येते आहेस. ते म्हणाले, "मंदिराचं बोलाया येते का?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." त्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "विमल लहानपणी मला दगड मारायची. मी नाय इचारणार."

नेरळला उतर. मी रिक्षा घेऊन पुलाच्या या बाजूला उभा असेन. जास्त सामान आणू नकोस, वर चढायचं आहे.

आणि ताई, तू काहीही ठरवलंस तरी ये. झाडाच्या बाजूने ठरवणार असशील तरच ये, असं माझं नाही. हे मी पुन्हा वाचून बघितलं आणि तसंच ठेवलं.

तुझा
हरेश


२२ जून

ताई,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तू फोनवर एवढी बोललीस की भावोजी मागून म्हणाले, भात करपला. तरी मी लिहितोच आहे. छाया म्हणते, त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं ते त्यांनाच काय कळवता? पण काही गोष्टी तुझ्या पाठीमागे घडल्या, त्या तुला कुठे दिसल्या?

तुझं पहिलं इरलं आवडीने उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "विमलताय, हे इरलं हाय का भाताची टोपली?" तेव्हा तू तोंड पाडून सगळी पानं उसवायला बसलीस. तू खाली बघत होतीस, आवडीचा चेहरा तुला दिसला नाही. तिचे डोळे भरले होते. गोमाला म्हणाली, "बाबाचं पण पयलं असंच उसवायचं." सुप्रिया कामट्या धरून बसली होती, केसांत पळसाचं पान अडकलेलं, आणि तुला चिडवत होती की आई, तुझ्यापेक्षा मी बरं विणते. तिला तसं हसताना बघून मी उठून झऱ्यावर पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

वर गेल्यावर तू आधी बेहड्यापाशी गेलीस. जळकं अंग हाताने चाचपलंस. बोटांना काळं लागलं ते पदराला पुसलंस, नवी साडी असून. कंत्राटदाराच्या चित्रात ते झाड नव्हतंच, म्हणालीस. मी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होतो आणि माझं लक्ष तिकडेही नव्हतं.

मग तू स्वतःच गोमाला कळ्या लावायला सांगितल्यास. तुझा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. "आई, मी तुला पक्कं मंदिर बोलले. माझी लेक तू दिलीस, मी नाही म्हणणार नाही. तुला मंदिर हवं असेल तर डावी दे. इरल्यावर भागत असेल तर उजवी दे, मी दर साली येऊन चढवीन." आणि कळी काही पडेना. तू हात जोडून डोळे मिटून उभी होतीस, म्हणून मागची कुजबुज तुला कळली नाही. धाकलूदादा म्हणाले, "डावी हलली का रं?" आवडी म्हणाली, "वारा हाय तो. तुमी जरा गप ऱ्हावा, तुमच्या श्वासानं पडंल." ते म्हणाले, "माजा श्वास उजवीकडं सोडतोय मी." खरंच, तोंड वाकडं करून श्वास सोडत होते. इतका वेळ गेला की माझे पाय भरून आले. ढग खाली उतरले.

तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "नाय सांगत तर नाय सांगत. पुढल्या मिरगाला येऊन परत इचारते. तवर झाडाला हात लावायचा नाय, धाकलूदादा." सासरी वापीला एवढी वर्षं काढून तुझ्या तोंडी "तवर" आलं. धाकलूदादा म्हणाले, "मी कशाला लावतोय हात? माजी लुंगी गेलीय त्याच्यात." सगळी राई हसली.

कळ्या तशाच ठेवून आपण इरलं चढवलं. तू आणि आवडी दोन्ही कडांना. तुझ्या हातातल्या आईच्या पाटल्या बांबूवर वाजल्या. त्या तू घालून आली होतीस हे मला रिक्षातच दिसलं होतं.

छायाने ओटी भरली तेव्हा तुम्ही दोघी काय बोललात ते मला ठाऊक नाही. तुम्ही आतून दार लोटलं होतंत. बाहेर आलात तेव्हा दोघींची नाकं लाल होती. तो पहिला नारळ तिने अखेर परसात लावलाच आहे. कोंब वर आला आहे. तुला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगितलं.

आता खरी गोष्ट. तू गेलीस त्या संध्याकाळी पाऊस लागला तो काही दिवस उघडलाच नाही. ओढा भरला, वर जाता येईना. काल जरा उघडीप मिळाली तसा मी आणि गोमा वर गेलो. सगळी राई निथळत होती, गारंबीवरून धारा लागल्या होत्या, आमचे कपडे चिंब. गोमाने इरल्याची कड हळूच उचलली. मी वाकून हात आत घातला.

ताई, आत पाण्याचा थेंब नव्हता. देवीचा खांदा कोरडा होता. शेंदूर कोरडा. दोन्ही कळ्या जागच्या जागी, सुकून तपकिरी झालेल्या, पण चिकटून.

मी गोमाला विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? त्याने इरलं परत नीट बसवलं, वरचं एक पान दाबलं आणि म्हणाला, "अर्थ काय घ्यायचा रं? आई सुकी हाय. येऊ दे तुज्या ताईला पुढल्या साली, मंग बोलंल ती."

मी खाली येताना बेहड्याखाली तुझी छत्री सापडली. पाऊस येणार हे दिसत असून तू ती तिथेच टेकवून विसरून गेलीस. छायाने पुसून, वाळवून खुंटीला लावली आहे, आईचं इरलं असायचं त्या खुंटीला.

छत्री पाठवत नाही.

तुझा
हऱ्या